औषधाच्या घरातला खडा

अमरावती,
६ सप्टेंबर २०२४

नितेश,

पत्राची सुरुवात आशीर्वादानं करायची असते, म्हणून आशीर्वाद घे. बाकी तुझ्याबद्दल आत्ता मनात जे आहे ते कागदावर उतरवलं, तर पुंजाजी हे पाकीट हातात धरायचा नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. सत्यभामेचा फोन तर लग्नापासून तुझ्याच खिशात असतो. पण गावाला येणारी मुक्कामी गाडी माझ्याच डेपोतून सुटते, हे तू विसरलास. ती रोज रात्री तुझ्या ओट्यासमोर येऊन उभी राहते आणि तिचा ड्रायव्हर पुंजाजी मला बहीण मानतो. आता गाडी ब्लॉक करून दाखव.

जमुनानं मैत्रिणीच्या फोनवरून मला सगळं सांगितलं. पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळायला उभी होती, कमरेत कळ उठली आणि ताटासकट खाली बसली. दोन वर्षांतला हा तिसरा मुतखडा. सतरा वर्षांची पोरगी, बारावीचं वर्ष, आणि तू तिचा बाप काय करतोस? अण्णांच्या पाट्यावर पाला वाटतोस, गुळात गोळी वळतोस, पोरीला पूर्वेकडे तोंड करून बसवतोस आणि वरून दूध, दही, ताक सगळं बंद करतोस. रविवारी ओट्यावर औषधाला आलेल्या परक्या माणसांना जे सांगतोस, तेच पोटच्या पोरीला.

माझं मागणं एकच आहे. जमुनाच्या रक्तातलं कॅल्शियम तपासून आण. ॲडमिट करायचं नाही, चिरायचं नाही, दंडातून सुईभर रक्त द्यायचं. ते होईपर्यंत मी गप्प बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तू नियम सांगशील. तो मला तुझ्याइतकाच पाठ आहे. आपल्या घरातल्या कुणी मुतखड्यासाठी दवाखान्याची पायरी चढायची नाही, चढली तर औषधाचा गुण जातो. आजोबांनी अण्णांना सांगितलं, अण्णांनी तुला. मला कुणी काही सांगितलं नाही, कारण मी पोरगी, औषध दुसऱ्याच्या घरी घेऊन जाईन ही भीती. पण नाल्यावरून पाला कोण आणायचं? पहाटे उठून वाटायचं कोण? त्यात काय काय पडतं ते मला तुझ्या आधीपासून माहीत आहे, आणि आजवर मी ते आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही.

आणि मी काय तुमचं औषध घेतलं नाही? आधी अण्णांच्या हातचं घेतलं, अण्णा गेल्यावर तुझ्या हातचं. खडा पडायचा आणि पुन्हा व्हायचा. शेवटी परतवाड्याच्या गाडीत, आसेगावजवळ, तिकिटं काढता काढता मी आडवी झाले. दवाखान्याची पायरी मी चढले नाही नितेश, मला चार प्रवाशांनी उचलून चढवलं. तिथं पहिल्यांदा सगळे हेच म्हणाले, की कंडक्टर बाई ड्युटीवर पाणी पीत नाही म्हणून खडे होतात. त्यात खोटं काही नव्हतं. स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही, म्हणून आम्ही सगळ्याच बायका घोटभर पाण्यावर दिवस काढतो. पण मग बाकीच्या बायकांना माझ्यासारखे दरवर्षी खडे का होत नाहीत? तिथल्या डॉक्टरीणबाईंनाही हाच प्रश्न पडला आणि त्यांनी रक्त तपासायला लावलं. कॅल्शियम निघालं ११.८. साडेदहाच्या वर जायला नको असतं. फॉस्फरस उलट कमी. गळ्यात भाताच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या ठरवतात. माझ्या दोन बिघडून फुगल्या होत्या. जानेवारीत त्या काढून टाकल्या. तेव्हापासून मला एकही खडा झालेला नाही.

आणि तेव्हापासूनच तू मला घर बंद केलंस. माझ्या मानेवरचा वण पाहून लोक बोलायला लागले, की औषधवाल्याची सख्खी बहीणच दवाखान्यात गेली. तुझ्या ओट्यावरची रविवारची गर्दी अर्ध्यावर आली. तू मला म्हणालास, “अण्णाच्या नावाले काळं फासलं तू. आता या घराची पायरी चढू नको.” पायऱ्यांची फार काळजी आहे आपल्या घरात.

डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं आहे, की हे कधी कधी घराण्यात चालतं. भाऊ असेल तर त्याचं रक्त तपासा, आणि त्याच्या लेकरांना खडे होत असतील तर आधी त्यांचं. मी हेच सांगायला फेब्रुवारीत आले होते आणि तू कडी लावून घेतलीस. आता लिहून दिलं आहे. कागदाला कडी लागत नाही.

तुझी बहीण (तुला पसंत असो नसो),
दामिनी


१९ सप्टेंबर २०२४

नितेश,

तुझा निरोप पुंजाजीनं जसाच्या तसा सांगितला. बिचारा सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, आरशात बघून बोलत होता. “तुमचा भाऊ म्हने, बाईले दुधाचा एवढा पुळका असन तं म्हशी घेऊन बस म्हना. माह्या पोरीच्या मधात पडू नको.”

म्हशी घ्यायला माझी ना नाही. बांधायला जागा तेवढी नाही.

पण दुधाचा विषय तूच काढलास, तर ऐक. मी आठ वर्षं दुधाला शिवले नाही. तुझं पथ्य म्हणून काळा चहा प्याले. महालक्ष्म्यांच्या जेवणात सगळ्यांच्या पानात कढी पडली, माझी वाटी मी पालथी ठेवली. आणि तरी रक्तात कॅल्शियम जास्त. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मॅडम, मी तं दूध पीतच नाई. मंग हे येऊन राहिलं कुठून?” त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “इथून.”

हे मनगट तुला आठवत असेल. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात गाडीतल्या घंटीची दोरी ओढताना मोडलं होतं. घंटी वाजवताना हात मोडणारी महाराष्ट्रातली पहिली कंडक्टर, म्हणून डेपोत सगळे हसले. मीही हसले होते. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं की त्या बिघडलेल्या ग्रंथी माझ्या हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात टाकत आहेत, आणि रक्तात मावेना म्हणून ते मूत्रपिंडात जाऊन त्याचे खडे होत आहेत. दूध सोडून खडे काही थांबले नाहीत. हाडांना तोंडावाटे थोडंफार मिळत होतं, ते मात्र बंद झालं. माझीच हाडं खडे होऊन पडत होती नितेश, आणि दर वेळी तू म्हणायचास, बघ औषधानं पडला.

मी औषधाला खोटं म्हणते असा अर्थ काढू नको. बारीक खडा असला तर तू गोळीवर घागरभर पाणी पाजतोस त्यानं तो पडतोही. तुझ्या ओट्यावर शंभर माणसं आली तर त्यांतल्या पाच जणांचंही रक्त माझ्यासारखं निघायचं नाही, हे डॉक्टरीणबाईच म्हणतात. त्या बाकीच्यांना खुशाल औषध दे. तू पैसा घेत नाहीस, नारळापलीकडे काही घेत नाहीस, यासाठी पंचक्रोशी तुला मान देते आणि तो मान मला डाचत नाही. पण ज्या घरात बहिणीला दरसाल खडे, पोरीला सतराव्या वर्षी तीन, त्या घरानं तरी आपण त्या पाचांत आहोत का एवढं बघावं की नाही?

जमुना सांगत होती की जिना चढताना मांड्या भरून येतात, कॉलेजला तिसऱ्या मजल्यावर वर्ग आहे तर दोनदा थांबते. आणि तू तिला म्हणालास, अभ्यासाचा आळस आला की पाय दुखतात. माझे पाय असेच दुखायचे. मलाही सगळे आळशी म्हणायचे, मी दिवसभर उभी राहून तिकिटं काढत असतानाही म्हणायचे.

कॅल्शियम आणि फॉस्फरस. एवढी दोन नावं पाठ कर. तालुक्याला नांदगावातसुद्धा होते ही तपासणी.

दामिनी


१४ ऑक्टोबर २०२४

नितेश,

माय नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाला आली आणि माझ्याकडेच उतरली, हे तुला आता कळलंच असेल. तू तिला मावशीकडे उतरायला सांगितलं होतंस. ती म्हणाली, देवीनं लेकीकडे पाठवलं. देवीवर रागव.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांबाराच्या जुड्या निवडत बसलो होतो. तिनं हात पुसले, माझ्या मानेवरचा वण बोटानं चाचपला आणि विचारलं, “लय दुखलं काय वं?” मी म्हटलं, “खड्यापेक्षा कमीच.” तिनं दोन-चार काड्या मोडल्या आणि म्हणाली, “तुह्या बापालेबी व्हते.”

“काय व्हते?”

“खडे. जवानीपासून व्हते. कळ आली का गोठ्यात जाऊन गडबडा लोळे. मले म्हने, सुभद्रा, आवाज नको करू, ओट्यावर मानसं हायेत.”

“मंग?”

“मंग काय. पडला का धुवे आन् बरणीत टाके. कोनी विचारलं तं सांगे, हा बडनेऱ्याच्या मानसाचा होय, हा चांदूरच्या बाईचा.”

ओट्यावरची काचेची बरणी, नितेश. ज्यांचे खडे पडतात ते आणून त्या बरणीत टाकतात, आणि नवीन आलेला माणूस तिच्याकडे बघून धीर धरतो. लहानपणी आपण तिच्यातले खडे मोजायचो. त्यांतले अर्धे अण्णांचे होते. मायच्या अंदाजानं अर्ध्याहून जास्तच.

मी ऐकून आधी रडले. मग मला अण्णांचा भयंकर राग आला, आणि मग पुन्हा रडू आलं. शेवटच्या वर्षांत ते कसे वाकले होते! धोतर पायात यायला लागलं म्हणून माय ते वर खोचून द्यायची. खाटेवर बसता बसता मांडीचं हाड मोडलं. कुठे पडले नाहीत, घसरले नाहीत, नुसते बसले. त्यानंतर ते उठलेच नाहीत. आपण म्हणालो, म्हातारपण. त्रेसष्टाव्या वर्षी कसलं म्हातारपण? गावातले ऐंशीचे म्हातारे अजून बाजाराला पायी जातात.

अण्णा खोटारडे होते असं मी म्हणत नाही. लोकांचे खडे खरोखर पडायचे, आणून टाकणारे आणून टाकायचे. पण औषध देणाऱ्यालाच खडे होतात हे कळलं तर ओट्यावर कोण बसेल, ही भीती त्यांना बसली आणि ते आयुष्यभर गोठ्यात जाऊन कण्हत राहिले. आजोबांचा नियम त्यांनी पाळला. त्या नियमानं त्यांना खाल्लं.

मायनं सांगितलेलं मी गावात कुणापाशी बोलणार नाही. ती बरणी आहे तिथं राहू दे. पण मी अण्णांच्या नावाला काळं फासलं, असं तू चार माणसांत म्हणालास. तो शब्द मागे घे. अण्णांना जे झालं तेच मला झालं. मी फक्त ओरडले.

आणि मायवर आवाज चढवू नको. चढवलास तर ती कायमची माझ्याकडे राहील. मला चालेल, तुझ्या घरचं पिठलं बिघडेल.

जमुनाचं रक्त तपास. तुझंही तपास. अण्णांपासून हे चालत आलं असेल तर ते दामिनीपाशी येऊन थांबलं, असं कुणी सांगितलं?

दामिनी


६ नोव्हेंबर २०२४

नितेश,

भाऊबीजेला तू आला नाहीस. रविवार होता, औषधाचा दिवस, ठीक आहे. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसं मी ओवाळलं. भाऊ चांगला धडधाकट असताना. शेजारणीनं विचारलं तर तिलाही हेच सांगितलं, लपवलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तू माझ्या अकोला गाडीत येऊन बसलास. तिथं जे बोलणं झालं ते इथं लिहून ठेवते, कारण उद्या तू म्हणशील मी असं बोललोच नव्हतो.

तू चढलास, माझ्या सीटच्या मागं बसलास आणि परक्यासारखं म्हणालास, “अकोला एक.” मी तिकीट दिलं. बाईमाणसाला अर्धं असतं, तुला पूर्ण पडलं. बडनेरा गेलं, लोणी गेलं, तू खिडकीबाहेरच्या तुरीकडे बघत बसलास. मूर्तिजापूरला गाडी रिकामी झाली तेव्हा बोललास.

“पोरीच्या मानेवर वन आला तं लगन कोन करन तिच्याशी?”

“तिनं तिसऱ्या मजल्यावर चढावं का नाई, ते पाह्य आधी. लगन मंग पाहू.”

“रविवारी लोकं कमी झाले, तुले मालूम हाये. आजोबापासून चालत आलं हे. माह्या हातानं बंद पाडू काय?”

“मी बंद पाड म्हनलं काय कधी?”

मग खाली बघून म्हणालास, “रक्त देतो तिचं. पन अकोल्यात. अमरावतीत, नांदगावात सारे वयखतात मले.”

“चालन.”

“आन् नाव दुसरं लिहिन. माधवी म्हनून देईन, आडनाव कोनतंबी.”

बोरगाव मंजू आलं आणि मी घंटी द्यायला विसरले. दोन बायका उतरायच्या राहिल्या, त्यांनी मला जे ऐकवलं ते तूही ऐकलंस.

तेव्हा मी उत्तर दिलं नाही, आता देते. मला संताप आला. पोरीनं काय कुणाचं घर फोडलं म्हणून खोटं नाव घेऊन फिरायचं? तरीसुद्धा मी हो म्हणते. वरती नाव कुणाचंही असो, खालचा आकडा जमुनाचाच असेल, आणि मला तो आकडा पाहिजे. लवकर ने. रिपोर्टचा फोटो पुंजाजीच्या फोनवर पाठव.

आणखी एक. अकोल्याला उतरताना तू दांडा धरलास आणि दुसरा हात कमरेवर ठेवून क्षणभर थांबलास. मी हात असाच ठेवायचे.

दामिनी


२६ नोव्हेंबर २०२४

नितेश,

“तूच पोरीले पढवलं,” असा निरोप आला. मी तिला काहीही पढवलेलं नाही. उलट ती लॅबमधून निघून आली हे कळल्यावर मीच तिला फोनवर झापलं.

तिनं मला जसं सांगितलं तसं लिहिते, चुकत असेल तर तू सांग. काउंटरवर तू माधवी लिहिलंस. आत सुई लावणाऱ्या माणसानं रीतीप्रमाणे तिलाच विचारलं, नाव काय? ती म्हणाली, जमुना. तो कागद बघून म्हणाला, इथं माधवी लिहिलं आहे. तर ती म्हणाली, “मंग तिलेच बोलवा,” आणि बाही खाली ओढून बाहेर आली.

मी तिच्यावर ओरडले की अगं रक्त महत्त्वाचं की नाव? सुई टोचून घेतली असती तर आज कळलं असतं! ती म्हणाली, “आत्या, माह्या रक्तात काई निघालं तं माह्याच नावानं निघू दे. मी काय चोरी केली काय?”

गाडीत तुला हे उत्तर मी द्यायला पाहिजे होतं. मी आकड्याच्या घाईत होते, तिला घाई असूनही ती करायची नव्हती. त्या पोरीला अण्णांनी त्यांच्या आईचं नाव ठेवलं, कॉलेजात जुनाट नाव म्हणून सगळे चिडवतात, आणि तरी ती दुसरं घ्यायला तयार नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की फोन ठेवल्यावर मी ह्यांना दोनदा तीच गोष्ट सांगितली.

पण रक्त अजून तपासलेलं नाही, आणि रविवारी तिला पुन्हा उलट्या झाल्या. तू पुन्हा गोळी दिलीस. तिनं ती थुंकली. तू हात उगारलास आणि सत्यभामा मधे उभी राहिली. सत्यभामा! जिचा आवाज मी इतक्या वर्षांत ओट्यापर्यंत आलेला ऐकला नव्हता. मला हे जमुनानं सांगितलं नाही. मायनं सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती.

नऊ डिसेंबरला जमुना अठरा वर्षांची होते. मग तिला सही करायला बाप लागत नाही. त्याआधी तू तिला घेऊन ये नितेश. कुठंही ने, अकोल्यात ने, तुझ्या सोयीनं ने, पण नाव तिचं लिही. मला ती तुझ्याबरोबर आलेली पाहिजे. माझ्या बाजूनं यावी आणि तुझ्या विरुद्ध यावी, यात मला काय मिळतं? मला एवढीच भीती आहे की तू नियम धरून बसशील आणि पोरगी अण्णांसारखी वाकेल.

दामिनी


१० जानेवारी २०२५

नितेश,

तू आला नाहीस. ती आली.

अठरा पूर्ण झाल्याच्या आठवड्यातच एका सकाळी मुक्कामी गाडी डेपोत लागली आणि जमुना उतरली. आधार कार्ड तुझ्या कपाटातून सत्यभामेनं काढून दिलं, पोळीभाजीचा डबा बांधून दिला आणि म्हणाली, “तुह्या बापाले मी पाहून घेईन.” कसं पाहून घेतलं ते मला ठाऊक नाही. पण इतक्या दिवसांत तू पोरीला न्यायला आला नाहीस, तेव्हा चांगलंच पाहून घेतलं असावं.

कॅल्शियम १२.३. माझ्यापेक्षा जास्त. फॉस्फरस माझ्यासारखाच कमी, २.१. ग्रंथींचा हार्मोन असायला पाहिजे त्याच्या पाचपट. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा रक्त घेऊन खात्री केली, गळ्याचा स्कॅन केला. मोठी फुगलेली ग्रंथी एक आहे, बाकीच्या आत बघून ठरवतील. घराण्याचंच आहे, असं आता त्या स्पष्ट म्हणतात.

रिपोर्ट हातात घेऊन जमुनानं काय विचारलं सांगू? तिनं कापतील का विचारलं नाही, वण राहील का विचारलं नाही. ती म्हणाली, “म्हंजे मी आळशी नव्हती ना, आत्या?” आणि मग इतकी रडली की मला तिला धरून बसावं लागलं. तुझं ते वाक्य ती वर्षभर पायात घेऊन जिने चढत होती. मी या सगळ्या पत्रांत तुझ्यावर चिडले, पण त्या वेळी मला तू समोर हवा होतास, नुसतं तिला बघायला.

ऑपरेशन मंगळवारी आहे. त्या दिवशी संक्रांत येते म्हणून माय कचरली. जमुना म्हणाली, तिळगूळ नंतर खाऊ. गळ्याची चीर लहान असते, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बारावीचा पहिला पेपर ती देईल, पुस्तकं सोबत आणली आहेत. ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं, ओठांना मुंग्या येतात, तेव्हा गोळ्या द्याव्या लागतात आणि दूध प्यायला सांगतात. हो, दूध. मी आणून ठेवलं आहे.

तुझं सांगते. जमुनाला हे तुझ्यातून गेलं, माझ्यातून नाही. म्हणजे तुझ्या गळ्यातही ते असणार. तू गोठ्यात जातोस का, ते मी विचारत नाही. सत्यभामेला विचारेन. तुझं रक्त तपासल्याशिवाय मी तुझा पिच्छा सोडणार नाही. तू घर बंद ठेव, फोन बंद ठेव, मी गाडी पाठवत राहीन. मला भाऊ चंद्रात ओवाळायचा नाही आणि खाटेवर बसता बसता मोडलेलाही पाहायचा नाही. तू कितीही ताठ राहा, मला तू हवा आहेस.

आज ॲडमिशनच्या काउंटरवर आम्ही रांगेत उभ्या होतो. बाईनं विचारलं, पेशंटचं नाव? जमुनानं सांगितलं. वडिलांचं नाव? मी पुढे होणार होते, तिनं मला हातानं मागे सारलं आणि तुझं पूर्ण नाव सांगितलं, आडनाव, गाव, तालुका, सगळं, मागच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बाईनं मान वर केली. म्हणाली, “मुतखड्याचं औषध देतात, त्यायच्याच घरची काय तू?”

“त्यायचीच पोरगी होय मी,” जमुना म्हणाली. “मले बी खडे होतात.”

परवा रविवार आहे. ओट्यावर कुणीतरी विचारेलच, पोरगी दिसत नाही म्हणून. काय सांगायचं ते तू ठरव. तिनं सांगून टाकलं आहे.

दामिनी